निनावी पत्रांचे कर्तृत्व आणि खेड्याची सुरक्षितता : ग्रेट वर्ली, १९०३

१

इंग्रजी खेडे कितपत सुरक्षित होते, हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा किंवा फार तर पोलिसी आकडेवारीचा आहे. साहित्यसमीक्षेने त्यात लक्ष घालण्याचे कारण असे की, ज्या प्रतिमेच्या आधारे हा प्रश्न विचारला जातो ती प्रतिमा मुख्यतः साहित्याने घडविलेली आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, निर्मळ आणि एकजीव असे खेडे प्रत्येक पिढीला आपल्या मागच्याच पिढीत होऊन गेल्यासारखे वाटते. हेरकथेने या प्रतिमेचा वापर उलट अंगाने केला. कॉनन डॉयल यांच्या ‘द कॉपर बीचेस’ (१८९२) या कथेत आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी विखुरलेली घरे पाहून वॉटसन प्रसन्न होतो, तर होम्सला त्याच घरांच्या एकाकीपणात शहरातल्या गलिच्छ गल्ल्यांहून भयंकर पापांची शक्यता दिसते. अॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर अॅट द व्हिकारेज’ (१९३०) या कादंबरीपासून तर खेड्यातील धर्मगुरूचे घर हे खुनाचे जणू हक्काचे स्थळ होऊन बसले.

या दोन प्रतिमा परस्परविरोधी भासतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक एकच आहे. गुन्हा हा खेड्याच्या मूळ प्रकृतीला आलेला विकार आहे, त्याला एक निश्चित कर्ता आहे, आणि तो कर्ता सापडला की खेडे पुन्हा आपल्या सुरक्षित अवस्थेला पोहोचते, असे हे गृहीतक आहे. कल्पित कथेत ते निरुपद्रवी ठरते. प्रत्यक्ष खेड्यातील पोलीस, ज्युरी आणि शासन ज्यावेळी याच गृहीतकानुसार वाचन करू लागतात, त्यावेळी काय घडते, हे तपासण्यासाठी स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वर्ली या गावच्या एका प्रकरणाचा विचार येथे करावयाचा आहे.

२

काळाची चौकट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये परगण्यांना स्वतःचे पोलीस दल उभारण्याची मुभा १८३९ च्या कायद्याने मिळाली आणि १८५६ च्या कायद्याने ते सक्तीचे झाले. १८५७ पासून पोलिसांना कळलेल्या गंभीर गुन्ह्यांची वार्षिक गणना प्रसिद्ध होऊ लागली. या गणनेवरून व्ही. ए. सी. गॅट्रेल यांनी १९८० मध्ये असा निष्कर्ष काढला की, व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धात आणि एडवर्डियन काळात चोरी व हिंसा यांचे प्रमाण उतरणीला लागले होते. म्हणजे १९०३ चे इंग्रजी खेडे हे सर्वसाधारणपणे अधिकाधिक सुरक्षित होत गेलेल्या देशातील खेडे होते.

असे असले तरी आकडेवारीच्या उतरत्या रेषेखाली ग्रामीण गुन्ह्याचे काही जुने प्रकार तग धरून होते. जनावरांना रात्री जखमी करणे हा त्यांपैकी एक. १७२३ च्या ‘ब्लॅक अॅक्ट’ने ढोरांच्या अशा हत्येला देहान्ताची शिक्षा ठेवली होती. जॉन आर्चर यांनी ईस्ट अँग्लियाच्या ग्रामीण गुन्हेगारीवरील आपल्या अभ्यासात (१९९०) गंजी पेटविणे, चोरटी शिकार आणि जनावरांची चिरफाड यांचा एकत्र विचार केला आहे. दुसरा प्रकार निनावी पत्राचा. ई. पी. टॉम्पसन यांनी ‘द क्राइम ऑफ अॅनॉनिमिटी’ या निबंधात (१९७५) असे प्रतिपादन केले की, जेथे दुर्बळ माणूस उघडपणे बोलला तर त्याचे घर व रोजगार जाऊ शकतो, अशा परावलंबी समाजात निनावी पत्र हे निषेधाचे स्वाभाविक रूप ठरते.

ग्रेट वर्लीत हे दोन्ही प्रकार एकत्र आले. मात्र त्यांची दिशा बदललेली होती. येथे निनावी पत्रे खालून वर, सत्ताधाऱ्याकडे गेलेली नाहीत. ती एका उपऱ्या मानल्या गेलेल्या कुटुंबाकडे आणि त्या कुटुंबाविषयी गेलेली आहेत.

३

ग्रेट वर्ली हे वॉल्सॉलच्या उत्तरेस, कॅनॉककडे जाणाऱ्या वाटेवरचे, शेती व कोळशाच्या खाणी यांवर जगणारे गाव. तेथील सेंट मार्क चर्चचे धर्मगुरुपद १८७६ च्या सुमारास शापूरजी एदलजी यांच्याकडे आले. शापूरजी मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडला गेले आणि त्यांनी शार्लट स्टोनहॅम या इंग्रज स्त्रीशी विवाह केला. १९१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते याच गावचे धर्मगुरू होते. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज (१८७६-१९५३) हा सॉलिसिटर झाला. तो रोज आगगाडीने बर्मिंगहॅमला कचेरीत जात असे, आणि रेल्वेच्या उतारूंना उपयुक्त असे कायद्याचे एक पुस्तक त्याने १९०१ मध्ये लिहिले होते.

या घराला पहिली धमकीची पत्रे आली ती १८८८ मध्ये. १८९२ ते १८९५ या काळात छळाने विक्राळ रूप धारण केले. शिवीगाळीची पत्रे येत, धर्मगुरूंच्या नावाने वर्तमानपत्रांत खोट्या जाहिराती छापून येत, न मागविलेला माल दाराशी येऊन पडे. वॉल्सॉलच्या शाळेची एक मोठी चावी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलेली आढळली. संरक्षण मागणाऱ्या बापाला परगण्याचे चीफ कॉन्स्टेबल कॅप्टन जॉर्ज अॅन्सन यांनी लेखी कळविले की, या चावीबद्दल मुलाने अज्ञान प्रकट केले तरी त्यावर आपला विश्वास बसणार नाही. ज्याचा छळ होत होता तोच छळाचा कर्ता ठरला, आणि तोही कोणत्याही खटल्याच्या दहा वर्षे आधी.

१९०३ च्या फेब्रुवारीपासून गावच्या शिवारात घोडे, गाई व मेंढ्या रात्री पोट चिरलेल्या अवस्थेत सापडू लागल्या. त्याच सुमारास पोलिसांना निनावी पत्रे येऊ लागली. एका शाळकरी मुलाच्या नावाने सही केलेल्या पत्रांत एका टोळीचे वर्णन होते आणि तीत जॉर्ज एदलजीचे नाव होते. १८ ऑगस्टला खाणीतील एक तट्टू जखमी स्थितीत आढळले आणि त्याच दिवशी जॉर्जला अटक झाली. ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्डच्या क्वार्टर सेशन्समध्ये, व्यावसायिक न्यायाधीश नसलेल्या अध्यक्षापुढे, त्याला सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

४

या खटल्याचे स्वरूप मूलतः वाचनाच्या खटल्याचे आहे. एदलजीवर आरोप करणारी पत्रे एदलजीनेच लिहिली, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. पत्र जितके त्याच्या विरुद्ध, तितके ते त्याचेच, असा हा तर्क. अशा अर्थनिर्णयनात संहितेला बोलण्यासाठी जागाच उरत नाही. तिच्यातील प्रत्येक विधान आणि त्याचे खंडन हे दोन्ही एकाच कर्त्याकडे बोट दाखवितात. कर्ता आधी ठरतो आणि संहिता मागाहून त्याच्या नावावर चढविली जाते.

हस्ताक्षराची साक्ष देणारे तज्ज्ञ टॉमस गरिन यांनी यापूर्वी १८९६ मध्ये अॅडॉल्फ बेक या निरपराध माणसाविरुद्धही साक्ष दिली होती; तेथील त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता हे १९०४ मध्ये उघड झाले. अंगरख्यावर सापडलेल्या घोड्याच्या केसांविषयी असे दिसते की, तो अंगरखा आणि तट्टाच्या कातड्याचा तुकडा ही दोन्ही एकाच वेळी वैद्यकीय तपासणीसाठी नेण्यात आली होती. गुन्ह्याची वेळही स्थिर राहिली नाही. संध्याकाळच्या फेरफटक्याचा वृत्तान्त जुळेनासा झाला तेव्हा ती उत्तररात्रीवर ढकलली गेली. आणि उत्तररात्री तर मुलगा बापाबरोबर एकाच खोलीत, कुलूपबंद दाराआड झोपत असे. कथानकाच्या परिभाषेत बोलायचे तर पात्र कायम ठेवून घटनाक्रम बदलण्यात आला. जॉर्ज कोठडीत असताना आणखी जनावरे मारली गेली, तेव्हा ‘टोळी’ची कल्पना पुढे करून तो अडथळाही पचविण्यात आला. कोणत्याही घटनेने जे खोटे ठरू शकत नाही, असे हे कथन होते.

खेड्याने आपली सुरक्षितता अशा रीतीने एका कथनाच्या रूपात परत मिळविली. मात्र याचा दोष सरसकट ‘खेड्या’वर टाकणे हेही त्याच जातीचे सोपे वाचन होईल. संशयाचे शास्त्र रचले ते अर्ल ऑफ लिचफिल्डच्या घराण्यातल्या एका उच्चकुलीन अधिकाऱ्याने. शिक्षेनंतर एदलजीच्या बाजूने गेलेल्या विनंतिअर्जावर सुमारे दहा हजार सह्या झाल्या, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

५

ऑक्टोबर १९०६ मध्ये, निम्मी शिक्षाही पुरी झाली नसताना, कोणतेही कारण न देता जॉर्जची सुटका झाली. दोषसिद्धी मात्र कायम राहिली. येथे कॉनन डॉयल यांचा प्रवेश होतो. जॉर्जवर खटला चालू होता त्याच महिन्यात ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सचे पुनरागमन झाले होते. त्याहीपूर्वी, १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत, घोड्याची नस कापण्याचा सराव मेंढ्यांवर करणारा गुन्हेगार डॉयल यांनी रंगविला होता. जनावराच्या जखमेला नेमका हेतू आणि नेमका कर्ता असतो, हा हेरकथेचा विश्वास घेऊन ते ग्रेट वर्लीच्या प्रकरणाकडे वळले.

त्यांच्या कामगिरीचे मोल कमी लेखता येणार नाही. भेटीच्या ठिकाणी जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांशी नेऊन तिरके धरून वाचत होता, यावरून त्याची दृष्टी किती अधू आहे हे त्यांनी ताडले. अशा माणसाने काळोखात शेते आणि रेल्वेमार्ग ओलांडून जनावर गाठणे अशक्यप्राय होते. जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मधील त्यांच्या लेखांनी देशात खळबळ उडविली. हॅरो येथे शिकत असलेल्या जवाहरलाल नेहरूंचेही लक्ष या प्रकरणाकडे वेधले गेले होते. ड्रेफस प्रकरणाशी डॉयल यांनी केलेली तुलना यथार्थ होती. तेथेही परकेपणाच्या भावनेला हस्ताक्षरतज्ज्ञाने प्रमाणपत्र दिले होते.

परंतु त्याच लेखांचे बारकाईने वाचन केल्यास दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, अडाणी खेड्यावर सावळ्या वर्णाचा धर्मगुरू नेमणे हा प्रयोगच अनिष्ट होता आणि तो पुन्हा होऊ नये, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे खेड्याचा द्वेष ही त्यांना निसर्गाची गोष्ट वाटते आणि शापूरजींची उपस्थिती हा अपवाद. दुसरी अधिक मूलभूत आहे. एकाची निर्दोषता सिद्ध करून ते थांबले नाहीत. हेरकथेला रिकामी जागा सोसवत नाही. म्हणून शेजारच्या एका तरुणावर त्यांनी आरोपपत्रच रचले, आणि पुरावा अपुरा म्हणून शासनाने ते नाकारले. जुजबी खुणांवरून कर्ता निश्चित करणे, आणि मग सर्व पत्रे व सर्व जखमा त्याच्याच नावावर मांडणे, ही अॅन्सन यांची पद्धती डॉयल यांच्या हातून अजाणता पुन्हा वापरली गेली. नायक बदलला, कथेचा साचा तोच राहिला.

शासनाने नेमलेल्या समितीचे एक सदस्य सर आर्थर विल्सन हे पूर्वी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १९०७ च्या मे महिन्यातील निर्णय असा : जनावरांच्या प्रकरणातील दोषसिद्धी समाधानकारक नाही, परंतु पत्रे एदलजीनेच लिहिली आणि आपल्यावरील संकट त्याने काही अंशी स्वतःच ओढवून घेतले. त्यामुळे माफी मिळाली, नुकसानभरपाई मिळाली नाही. कृत्यातून मुक्त झालेला माणूस कर्तृत्वाच्या आरोपात अडकून राहिला. या प्रकरणाने आणि बेक प्रकरणाने निर्माण केलेल्या लोकमतामुळे १९०७ मध्येच फौजदारी अपील न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला. पत्रांचा प्रश्न मात्र १९३४ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी डार्लस्टनच्या एका मजुराने, १९०३ पासून वर्षानुवर्षे धमकीची निनावी पत्रे लिहिल्याचे कबूल केले. त्याच्या कबुलीत सर्व पत्रे येत नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बहुधा पत्रांना एकच कर्ता कधी नव्हताच.

६

ज्यूलियन बार्न्स यांच्या ‘आर्थर अँड जॉर्ज’ (२००५) या कादंबरीने आणि श्रावणी बसू यांच्या ‘द मिस्टरी ऑफ द पार्सी लॉयर’ (२०२१) या ग्रंथाने हे प्रकरण नव्या वाचकांपुढे आले. तथापि, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर ‘खरा गुन्हेगार कोण’ या शोधात सापडणार नाही. गावच्या सुरक्षिततेची मोजणी कोणाच्या दारापासून सुरू करायची, हा खरा प्रश्न आहे. जनावरांपासून मोजले तर ग्रेट वर्लीतील भयपर्व १९०३ च्या फेब्रुवारीत सुरू होते. धर्मगुरूंच्या उंबऱ्यापासून मोजले तर ते १८८८ पासून चालू आहे. त्या घराने केलेल्या तक्रारी गुन्ह्यांच्या गणनेत तक्रारी म्हणून उतरल्या नाहीत; त्या पुरावा म्हणून जमा झाल्या, आणि तोही तक्रारदाराविरुद्ध.

म्हणून खेड्यातील गुन्ह्यांचे प्रमाण कमी की अधिक, हे सांगणाऱ्या दस्तऐवजाला समीक्षकाने आधी हे विचारावे की, त्यात कोणाच्या शब्दाला फिर्याद म्हणतात आणि कोणाच्या शब्दाला बनाव. निनावी पत्राचा कर्ता अज्ञात राहू देण्याइतका संयम ज्या वाचनव्यवहारात नाही, तेथे कर्त्याची जागा भरली जाते ती बहुधा गावात सर्वांत वेगळ्या दिसणाऱ्या माणसाने. हेरकथा वाचताना हा संयम सुटला तर बिघडत नाही. स्टॅफर्डच्या न्यायालयात तो सुटला, आणि एका माणसाने तीन वर्षे तुरुंगात काढली.