गवत मोडले, माती उडाली

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या विशाल माळावर एके काळी गव्यांचे अफाट कळप चरत असत. गवताच्या खोल मुळ्यांनी तेथील माती घट्ट धरून ठेवली होती. १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यांस १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले आणि नांगराने लक्षावधी एकर गवत उलथून टाकले. १९३० नंतर भाव कोसळले, पाठोपाठ अवर्षण आले, आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर धुळीने भर दिवसा काळोख केला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली समपातळीवरील नांगरट, पट्टापेर व गवताची पुन्हा लागवड सुरू झाली.

हा दोष आम्ही केवळ पावसाच्या माथी मारू शकत नाही. अवर्षणे त्या माळाने पूर्वीही सोसली होती. नवा होता तो नांगर. आमच्या दख्खनची कित्येक माळराने सरकारी दप्तरांत ‘पडीक’ म्हणून नोंदलेली आहेत. ती मोडावयास निघण्यापूर्वी हा इतिहास आपण अवश्य आठवावा.