लुगड्याची घडी

तमाशाचा इतिहास आपण लावण्यांतून वाचतो. माझ्या मते तो वस्त्रांतूनही वाचला पाहिजे. पूर्वी फडात स्त्रीवेश नाच्या घेई. पुढे संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. बाई आली, वेश तोच राहिला: नऊवारी. नगरच्या पद्मशाली विणकरांच्या मागांवरही लुगडी निघत. शिंप्याचे काम चोळीपुरते. बाकी सारी कला नेसण्यात.

'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैयांनी 2012मध्ये ते सन्मानचिन्ह जपणुकीसाठी अकादमीकडे परत सोपवले. फडातल्या लुगड्यांना अशी अकादमी कुठली? म्हणून वेशभूषेच्या हौशींचे संमेलन नगरला भरले, तर भाषणांआधी एक जुने लुगडे उलगडावे. कासोट्याशी झिजलेला धागा बरेच सांगेल.