मेंढीची कलेजी आणि माणसाचे रक्त



वसंतातल्या सभेत कलेजीवर बोलणारा वक्ता उभा राहिलेला पाहून आपल्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल आणि काहींच्या तोंडाला पाणी सुटले असेल. दोन्ही पक्षांना आरंभीच सांगून टाकतो की, कोणी काय खावे आणि काय खाऊ नये याचा उपदेश करायला मी आलेलो नाही. मला एक इतिहास सांगायचा आहे. तो जितका मांसाहारी मंडळींचा आहे तितकाच शाकाहारी मंडळींचाही आहे. किंबहुना शेवटी तो शाकाहारी घरांच्याच अधिक जवळ येऊन थांबतो.

खाटकाच्या दुकानात मेंढीच्या सगळ्या अवयवांना सारखा मान नसतो. मांडी आणि चाप यांचे गिऱ्हाईक वेगळे. वजडी, मुंडी, पाये आणि रक्ती यांचे वेगळे. पैसेवाल्याच्या पिशवीत मांस जाते आणि उरलेसुरले गरिबाच्या चुलीवर चढते. कलेजीची जागा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला ती आवर्जून द्यावी, असा समज मांसाहारी घरांतून पूर्वापार चालत आला आहे. हा समज खरा आहे काय?

प्रथम आकडे पाहू. शंभर ग्रॅम निव्वळ मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि मेंढीच्या तितक्याच कलेजीतही साधारण तेवढीच. प्रथिनांच्या तराजूत दोन्ही पारडी सारखी. परंतु लोह पाहिले, तर मांसात ते दोन मिलिग्रॅमच्या आत आणि कलेजीत सुमारे सात. ‘अ’ जीवनसत्त्व मांसात जवळजवळ नाहीच. कलेजीत मात्र सात हजार मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे प्रौढ माणसाच्या कित्येक दिवसांच्या गरजेइतके. ब-१२ हे जीवनसत्त्व मांसात दोन-तीन मायक्रोग्रॅम, तर कलेजीत नव्वदच्या आसपास; आणि आपली रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्येही कलेजीत मांसाच्या कितीतरी पट. आज कोणत्याही आहारशास्त्राच्या कोष्टकात ही चार नावे चार रकान्यांत मांडलेली दिसतात. ती वेगळी करायला मात्र पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. एका कलेजीत चार औषधे होती, आणि ती एकच आहे असे समजून माणसे ती खात होती. हे चार धागे कसे उलगडले, हाच आजचा विषय.

पहिला धागा आपल्याच वैद्यकात सापडतो. चरकाने बोकडाचे मांस माणसाच्या धातूंशी मिळतेजुळते म्हणून गौरविले, आणि मेंढीचे मांस गोड, थंड, पचायला जड पण अंग भरून आणणारे म्हणून नोंदविले. सुश्रुताने तर रातांधळेपणावर बोकडाचे यकृत पिंपळीसह योजले आहे. संध्याकाळ झाली की ज्याला दिसेनासे होते, त्याला यकृत द्यावे, असे अनुभवाने ठरले होते. त्याचे कारण विसाव्या शतकात कळले. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या बलकात वाढीला अवश्य असे एक स्निग्ध द्रव्य असल्याचे दाखविले. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरले. जनावर हे द्रव्य आपल्या यकृतात साठवून ठेवते. सुश्रुताला जीवनसत्त्व ठाऊक नव्हते, पण त्याचे कोठार ठाऊक होते.

यापुढचे तिन्ही धागे रक्ताचे आहेत. १८५५ मध्ये लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी एका विचित्र रक्तक्षयाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगी अंगाने फारसा झडत नसे, जखम नसे, रक्तस्राव नसे; तरी दिवसेंदिवस पांढराफटक पडत जाई आणि शेवटी मरे. पुढे याला मारक रक्तक्षय असेच नाव पडले. पाऊणशे वर्षे या रोगावर इलाज नव्हता.

अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना मुद्दाम रक्तक्षीण केले आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरून येते ते तपासले. कलेजी सर्वांत सरस ठरली. त्यावरून बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी मारक रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज १२० ते २४० ग्रॅम शिजविलेली कलेजी खाऊ घातली. ती बहुधा वासराची किंवा गाईबैलाची असे. कधी बदल म्हणून कोकराचे गुर्दे दिले जात, आणि जोडीला मटण किंवा गोमांस. १९२६ मध्ये त्यांनी ४५ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मृत्यूच्या दारातली माणसे थोड्याच आठवड्यांत उठून बसू लागली होती. १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपल, मायनॉट आणि मर्फी या तिघांना मिळाले.

आता यातली गंमत पाहा. व्हिपल यांच्या कुत्र्यांचे रक्त काढून घेतले होते, म्हणजे त्यांना तूट होती ती लोहाची. मायनॉट यांच्या रोग्यांना लोहाची तूट नव्हतीच. त्यांना हवे होते ते निराळेच द्रव्य. कलेजीत दोन्ही होती, म्हणून दोघेही बरे झाले. चुकीच्या वाटेने गेलेला प्रवासी नेमक्या गावाला पोहोचावा, तसे हे झाले.

यानंतरचा प्रसंग आपल्या मुंबईतला आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर-बाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. मुंबईच्या गरीब वस्तीत, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांत, गरोदरपणी एक भयंकर रक्तक्षय होतो आणि त्यात माता दगावतात, याकडे मार्गारेट बाल्फोर या डॉक्टर-बाईंनी लक्ष वेधले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे रक्त ॲडिसनच्या रोग्यांसारखेच दिसे. तांबड्या पेशी थोड्या आणि आकाराने फुगलेल्या. विल्सबाईंनी या स्त्रियांच्या घरची राहणी पाहिली, ताटात काय पडते ते पाहिले. प्रथिने थोडी, भाजीपाला आणि फळे त्याहून थोडी. तशाच निकृष्ट अन्नावर त्यांनी उंदीर आणि नंतर माकडे ठेवली. पुढे एका रक्तक्षीण माकडाला त्यांनी मार्माइट दिले. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून काढलेला हा काळा, खारट अर्क. माकड सुधारले. मग तो स्त्रियांना दिला, आणि त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या शोधाचे मोल दुहेरी होते. एक तर कलेजीपेक्षा स्वस्त वस्तू हाती आली. रोज पावशेर कलेजी हा इलाज बॉस्टनच्या रोग्याला परवडेल. परळच्या चाळीतल्या बाईने ती आणायची कोठून? शिवाय जिच्या घरी मांस वर्ज्य, तिने काय करायचे? दुसरी गोष्ट शास्त्राच्या दृष्टीने अधिक मोठी. कलेजीच्या कच्च्या अर्काने या स्त्रियांना गुण येई. परंतु मारक रक्तक्षयासाठी शुद्ध केलेला कलेजीचा अर्क त्यांना लागू पडत नसे. म्हणजे शुद्ध करताना जे फेकून दिले, त्यातच यांचे औषध होते! रक्त सारखे दिसले तरी तूट निराळी होती. या अनामिक द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य निघाले आणि पानावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ पर्यंत लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे सूत्रधार आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. विल्स घटक तो हाच.

राहिला चौथा धागा, ॲडिसनच्या रोग्यांचा. तो उलगडताना मेंढी स्वतःच साक्षीला आली. ऑस्ट्रेलियाच्या काही प्रदेशांत गुडघाभर हिरव्या गवतात मेंढ्या खंगून, रक्तक्षीण होऊन मरत. लिमोनाइट नावाची लोहाची माती चारली की त्या सुधारत. तेव्हा ही तूट लोहाचीच, असे सर्वांनी धरले. १९३५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर यांनी त्या मातीतले घटक अलग करून दाखविले की, गुण लोहाचा नसून त्यात मिसळलेल्या लेशमात्र कोबाल्टचा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्स हेही त्याच सुमारास कोबाल्टपाशी पोहोचले. मजा अशी की, कोबाल्ट तोंडावाटे दिले तर गुण येई; टोचून दिले तर येत नसे.

याचा उलगडा १९४८ मध्ये झाला. त्या वर्षी अमेरिकेत फोकर्स यांच्या आणि इंग्लंडात लेस्टर स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत कलेजीतून तांबडे स्फटिक मिळाले. हेच ब-१२. आणि त्याच्या पोटात कोबाल्टचा अणू निघाला! ब-१२ वनस्पती बनवीत नाही, मेंढीही बनवीत नाही. बनवितात ते सूक्ष्म जंतू. मेंढी गवताबरोबर कोबाल्ट गिळते, तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू त्याचे ब-१२ करतात आणि मेंढी ते यकृतात साठविते. १९५१ मध्ये कोबाल्टवाचून खंगलेल्या कोकरांना ब-१२ टोचले आणि ती सुधारली. ऑस्ट्रेलियातली मेंढी आणि बॉस्टनचा रोगी एकाच द्रव्यावाचून तळमळत होते.

चार धागे वेगळे झाले. पण ही केवळ विद्वानांची हौस होती असे कोणी समजू नये. येथे जीवाशी गाठ आहे. ज्याला तूट ब-१२ ची आहे, त्याला फक्त फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते. पण आतल्या आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि वेळीच ओळखले नाही तर झालेली हानी पुरती भरून येत नाही. कलेजी खाणाऱ्याला ही भीती नव्हती, कारण त्याच्या घासात दोन्ही एकत्र होती. गोळी घेणाऱ्याला मात्र आपली तूट कोणती हे नेमके कळले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. ज्या मातांचे ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, असे त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. भाजीपाला खाणाऱ्या घरात फॉलिक आम्ल मिळते. ब-१२ मात्र दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळणार, आणि घरातल्या सुनेच्या वाटीत ते किती येते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी जाऊन विचारावा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षीण आढळल्या. विल्सबाई परळला आल्या त्याला तेव्हा नव्वद वर्षे होऊन गेली होती.

तेव्हा मघाच्या प्रश्नाचे उत्तर असे : आजीबाईंचा समज खरा होता, पण पुरता नव्हता. कलेजी रक्त भरते, यात शंका नाही. परंतु गर्भवतीने ती फार खाऊ नये, असे आज डॉक्टर सांगतात. कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधतो. ज्यांच्या आजारातून कलेजीची विद्या पुढे सरकली, त्यांच्याच ताटात आता ती जपून वाढावी लागते. आणि ज्यांना ती नको, त्यांना तिच्यातली द्रव्ये दुसऱ्या वाटेने मिळू शकतात. ही मोकळीक शास्त्राने दिली आहे. ती घ्यायची की नाही, हे आपल्यावर आहे.

व्हिपल, मायनॉट, विल्स, सुब्बाराव ही नावे ग्रंथांतून राहिली. ज्या गिरणीतल्या बायांनी आपले रक्त तपासायला दिले, आपल्या चुलीवर काय शिजते ते परक्या बाईला दाखविले, त्यांची नावे राहिली नाहीत. आज जगात जागोजागी गर्भवतीला फॉलिक आम्लाची गोळी देतात. त्या गोळीचा उगम शोधत मागे गेले, तर वाट परळच्या चाळीपर्यंत येते. एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.