तळटीप : जंबिया
जंबिया : वाकड्या पात्याचा, दुधारी, आखूड खंजीर. लेखकाने यवतमाळच्या आखाड्यात पाहिलेला जंबिया लाकडी, सरावाचा. जोडीदार डोक्यावर, मानेवर, पोटावर वार टाकतो. शिकणाऱ्याने पाय मागे न घेता मोकळ्या हाताने त्याचे मनगट धरायचे आणि पिरगळून हत्यार सोडवायचे. पवित्रा आणि नजर पक्की झाल्यावरच वेग वाढवतात. घाई करणाऱ्याला ही विद्या येत नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामविद्येला शिस्तशीर शिक्षणाची जोड दिली. त्याच्या पथकाने १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये प्रात्यक्षिकेही केली. डावांच्या तपशिलासाठी द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ अवश्य पाहावा.