कचेरीतील श्रेयाची चोरी

ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत, गेटसभा आणि वाटाघाटी यांत गेले, त्याने चित्रपटांवर बोलावे ही गोष्ट आपणांपैकी कित्येकांना चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतील शिक्षण फारसे झाले नाही. जे वाचले, पाहिले, ते युनियनच्या कचेरीत रात्री उशिरा बसून. तेव्हा चित्रपटाच्या कलेविषयी मी काही सांगू लागलो तर ते आगाऊपणाचे ठरेल. मला बोलावयाचे आहे ते एका चोरीविषयी. कचेरीत काम करणाऱ्या एखाद्या स्त्रीला काही सुचते, ती ते कागदावर उतरवते, आणि तिचा वरिष्ठ ते आपले म्हणून वरच्या साहेबांपुढे मांडतो. ही एकच घटना 1980 ते 2010 या तीस वर्षांत तीन चित्रपटांनी सांगितली. चोरी तीच राहिली. तिच्यावरचा उपाय मात्र दर वेळी पालटला. तो कसा पालटला, हा आजचा विषय.

शेवटापासून आरंभ करू. फ्रेंच दिग्दर्शक अलँ कोर्नो यांचा ‘क्रीम दामूर’ हा चित्रपट 2010 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला कोर्नो वारले. हा त्यांचा अखेरचा चित्रपट. एका बड्या अमेरिकन कंपनीची पॅरिसमधील कचेरी. तेथे क्रिस्तीन ही अधिकारी आणि तिच्या हाताखाली इझाबेल ही हुशार, कष्टाळू, थोडी बुजरी तरुणी. क्रिस्टिन स्कॉट टॉमस आणि लुदिवीन सान्ये यांनी ही कामे केली आहेत. क्रिस्तीन इझाबेलला भेटी देते, जवळ घेते, तिच्यावर जीव असल्याचे भासवते; आणि इझाबेलने पार पाडलेल्या कामाचे श्रेय खुशाल स्वतःकडे घेते. वर तिला समजावते की, यात वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे, आपण सगळे एकत्रच काम करतो!

इझाबेल पुढे स्वतःच्या बळावर यश मिळवते, तेव्हा क्रिस्तीन सूड उगवते. इझाबेलचा धीर सुटला, ती एकटी कोलमडली, तो क्षण कचेरीच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो. क्रिस्तीन तो सर्वांदेखत दाखवते आणि त्यावर हसे पिकवते. यानंतर इझाबेल जे करते ते थंड डोक्याने. ती क्रिस्तीनचा खून करते, संशय प्रथम मुद्दाम स्वतःवर ओढून घेते, आणि मग एकेक पुरावा असा उलटवते की ती सुटते आणि दुसराच मनुष्य गजाआड जातो. शेवटी क्रिस्तीनची खुर्ची तिला मिळते. पण तिच्याबरोबर काम करणाऱ्या दान्येलला सर्व उमगलेले असते. खुर्ची मिळाली, आणि त्याच वेळी गळ्यातला दोर दुसऱ्याच्या हाती गेला. दोनच वर्षांनी, 2012 मध्ये, अमेरिकन दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांनी हीच कथा बर्लिनमध्ये नेऊन ‘पॅशन’ या नावाने पुन्हा काढली.

या चित्रपटाचे मर्म खुनात नाही. ते एकटेपणात आहे. त्या चकचकीत कचेरीत शेकडो माणसे आहेत, पण ‘माझे काम हिने घेतले’ असे इझाबेलने ज्याला सांगावे असा नीट एक मनुष्य नाही. मान क्रिस्तीनच्या हाती, बढती तिच्या हाती, मायाही तिच्याच हाती. अशा ठिकाणी अपमान बाहेर जाऊ शकत नाही, तो आतल्या आत मुरतो. हे मानसशास्त्र कोर्नोंनी अचूक पकडले आहे.

आता तीस वर्षे मागे जाऊ. 1973 मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात टायपिस्ट, कारकून, सेक्रेटरी अशा काही स्त्रियांनी ‘नाइन टू फाइव्ह’ नावाची संघटना काढली. कचेरीची वेळ तेच संघटनेचे नाव. कॅरन नुसबॉम आणि एलन कॅसिडी या तिच्या संस्थापकांपैकी दोघी. दोघीही हार्वर्ड विद्यापीठात कारकुनी करीत. नुसबॉम एक आठवण सांगत असत. त्या टेबलाशी बसल्या असताना एक जण आत आला, त्यांच्या तोंडाकडे पाहिले, आणि विचारता झाला, “इथे कोणी नाही का?” जिचे असणेच दिसत नाही, तिचे काम कोणाला दिसणार!

या स्त्रियांनी मागितले काय? पगारवाढ तर मागितलीच. सेक्रेटरी दिनाला साहेब गुलाबाची फुले देत, त्यावर ‘गुलाब नको, पगार वाढवा’ अशी त्यांची घोषणा होती. पण त्याबरोबर त्यांनी असेही मागितले की, आमच्या कामाचे स्वरूप लेखी ठरवून द्या. साहेबाची कॉफी आणि त्याची खाजगी कामे आमच्या माथी मारू नका. ही लेखी कामाची मागणी वरवर किरकोळ वाटते, परंतु माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. जे लेखी आहे ते चोरणे अवघड जाते. 1975 मध्ये त्यांनी रीतसर युनियनही स्थापली. मालकांनी कसून विरोध केला, सगळीकडे यश आले नाही, हेही सांगितले पाहिजे.

या चळवळीतूनच 1980 चा ‘नाइन टू फाइव्ह’ हा चित्रपट निघाला. जेन फोंडा या नुसबॉम यांच्या परिचयाच्या. त्यांनी कचेरीत राबणाऱ्या स्त्रियांना एकत्र बसवून, साहेबाचे काय करावेसे तुम्हांला वाटते, हे ऐकून घेतले. चित्रपटात व्हायोलेट ही अनुभवी बाई; तिने ज्याला काम शिकवले तोच तिचा साहेब झाला, आणि तिची कल्पना त्याने स्वतःची म्हणून वर पाठवली. तिघी मैत्रिणी साहेबाला कोंडून ठेवतात आणि त्याच्या नावाने कचेरी सुधारतात : पाळणाघर, सोयीच्या वेळा, समान वेतन. कंपनीचा मुख्य येऊन सारे वाखाणतो. समान वेतन तेवढे नको म्हणतो! आणि श्रेय कोणाला देतो? त्याच साहेबाला. हसता हसता चित्रपट हे शल्य टोचून जातो. तरीही तेथे उपाय तिघींनी मिळून शोधलेला आहे.

1988 मध्ये माइक निकल्स यांचा ‘वर्किंग गर्ल’ आला. येथे सेक्रेटरी टेस हिची कल्पना चोरणारी वरिष्ठ ही स्त्रीच आहे. टेस तिच्याशी एकटीच झुंजते, जिंकते, आणि स्वतःची खोली मिळवते. शेवटच्या दृश्यात कॅमेरा मागे मागे जातो आणि तिची खिडकी त्या प्रचंड इमारतीच्या असंख्य सारख्या खिडक्यांत हरवते. तिघींचा उपाय एकीवर आला होता; 2010 मध्ये त्या एकीच्या हाती सुरी आली.

कोणी म्हणेल, स्त्री अधिकारी झाली याचे तुम्हांला दुःख का? मुळीच नाही. ती खुर्ची तिच्या हक्काचीच आहे. माझे म्हणणे इतकेच की, खुर्चीवरचा मनुष्य बदलला आणि खुर्चीची सत्ता तशीच बेलगाम राहिली, तर चोरी थांबत नाही. चोराचे नाव तेवढे बदलते.

हे शहाणपण मला फार उशिरा आले. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कचेरीतील बाई माझ्याकडे आल्या. माल पाठवण्याचा एक तक्ता त्यांनी रात्री घरी बसून तयार केला होता. त्यामुळे गेटवर ताटकळणाऱ्या ट्रकांची रांग निम्म्यावर आली. तो तक्ता त्यांच्या साहेबाने आपल्या नावावर वर दाखवला. मी सारे ऐकून घेतले आणि म्हणालो, “ताई, हे पगाराचे नाही, बोनसचे नाही. मी कोणत्या कलमाखाली मांडू?” त्या म्हणाल्या, “बरोबर आहे, दादा,” आणि उठल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. काही महिन्यांनी नोकरी सोडल्याचे कळले.

त्या वेळी युनियनच्या वहीत त्या तक्त्याची, त्यांच्या नावाची आणि तारखेची एक ओळ मी लिहून घ्यावयास हवी होती. आणि त्यांना सांगावयास हवे होते : उद्या दुपारच्या सुट्टीत या, आणि असे ज्यांच्या बाबतीत घडले आहे त्या आणखी दोघी-तिघींना बरोबर घेऊन या.