एनिॲक ते लॅपटॉप : उष्णतेच्या वाटेचा इतिहास

खेळ सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे लॅपटॉप छान चालतो. मग पंखा घोंघावू लागतो, कळफलक हाताला गरम लागतो, पडद्यावरचे चित्र अडखळते आणि कधी कधी यंत्र आपोआप बंदच पडते. विद्यार्थ्यांची ही तक्रार हल्ली विज्ञानाच्या शिक्षकांपर्यंतही येऊन पोचते. व्हायरस शिरला असेल, किंवा लॅपटॉप जुना झाला, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात हे दुखणे पदार्थविज्ञानाचे आहे आणि ते संगणकाइतकेच जुने आहे.

१९४६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हा संगणक लोकांसमोर आला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या आणि तो जवळजवळ १५० किलोवॅट वीज घेत असे. या विजेचे होते काय? पाण्याचा पंप पाणी वर चढवतो, गिरणी दळण दळते. संगणक मात्र ना वजन उचलतो, ना चाक फिरवतो. त्याने केलेले गणित कितीही अवघड असो, आत गेलेली जवळपास सारी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे एनिॲकच्या खोलीत दीड हजार माणसे कोंबल्यासारखीच अवस्था! म्हणून त्याच्या कपाटांतून मोठ्या झोतयंत्रांनी हवा खेळवली जाई. आतील तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेले की वीज तोडणारे थर्मोस्टॅटही त्यात बसवले होते. खेळ ऐन रंगात आला असताना लॅपटॉप बंद पडतो, तेव्हा या थर्मोस्टॅटचाच वंशज आपले काम बजावत असतो.

एनिॲकच्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट कळली. नलिका चालू असताना जेवढ्या जळत, त्याहून जास्त त्या यंत्र सुरू किंवा बंद करताना जळत. तापणे आणि निवणे यांतला ताण तंतूंना सोसत नसे. यावर उपाय म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. हा मुद्दा लक्षात ठेवावा. साठ वर्षांनी तो पुन्हा पुढे येणार आहे.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा उष्णतेचा प्रश्न संपला असे वाटले होते. पण वाचलेल्या प्रत्येक वॅटच्या जागी अभियंत्यांनी आणखी ट्रान्झिस्टर बसवले, आणि तेही अधिक दाटीने. १९७६ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत बसवलेला क्रे-१ हा महासंगणक सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई. तो थंड ठेवायला फ्रिजप्रमाणे फ्रेऑन खेळवावा लागे.

आता लॅपटॉपच्या कुळाकडे, म्हणजे एका चिपवर मावणाऱ्या प्रोसेसरकडे वळू. प्रोसेसरमधील उष्णतेचे मुख्य सूत्र सोपे आहे. ती वारंवारतेच्या सम प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर लहान करताना विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरवला तर दर चौरस सेंटिमीटरला निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. पेन्टियमचे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. १९९३ सालचा ६६ मेगाहर्ट्झचा पेन्टियम ५ व्होल्टवर चाले आणि सुमारे १६ वॅट उष्णता देई. पुढच्याच वर्षीचा १०० मेगाहर्ट्झचा पेन्टियम ३.३ व्होल्टवर चालू लागला. वारंवारता दीडपट झाली, पण ३.३ भागिले ५ याचा वर्ग केला तर ०.४४ येतो. दोहोंचा गुणाकार ०.६६. म्हणजे १६ वॅटचे साडेदहा वॅट व्हायला हवेत. प्रत्यक्ष आकडाही सुमारे १० वॅटच होता. जास्त वेगवान चिप आणि ती जास्त थंड! तीस वर्षे संगणक उद्योग याच सोयीवर वाढला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

ही सोय संपली ती विद्युतदाब एक व्होल्टच्या आसपास आल्यावर. त्याखाली ट्रान्झिस्टर पुरता बंद होत नाही, गळक्या तोटीसारखी त्यातून वीज पाझरत राहते. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला होता, की याच चालीने गेलो तर चिपवरची उष्णतेची दाटी अणुभट्टीची, पुढे रॉकेटच्या नळकांड्याची आणि अखेर सूर्याच्या पृष्ठभागाची बरोबरी करील. २००४ साली इंटेलने आपला पुढचा वेगवान प्रोसेसर रद्द केला आणि सारा उद्योग एका चिपवर अनेक गाभे बसवण्याकडे वळला.

आज खेळासाठीच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर ६० वॅट घेत असेल आणि त्याच्या चिपचे क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ३० वॅट होतात. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तवा सुमारे २०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. चिपची दाटी इस्त्रीच्या सहापट झाली! शेजारी चित्रे काढणारी दुसरी चिप असते, तिची भूक बहुधा याहून मोठी. पत्र टाइप करताना या दोन्ही चिपा बराचसा वेळ पेंगत असतात. खेळात मात्र त्या तासन्‌तास एकदम राबतात. लॅपटॉप नेमका खेळतानाच तापतो तो यामुळे.

एवढी उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून बाहेर कशी न्यायची? याचे उत्तर अंतराळाच्या कामातून आले. १९६३ साली लॉस अलामोस येथेच जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातील अणुभट्ट्यांसाठी उष्णतानळी तयार केली. तशाच कल्पनेचे एकस्व जनरल मोटर्सच्या गॉगलर यांनी १९४४ साली शीतकरणासाठी मिळवले होते, पण तेव्हा तिची कोणाला गरज भासली नाही. लॅपटॉपमधील चपटी तांब्याची नळी ती हीच. आतली हवा काढून तिच्यात थोडेसे पाणी भरलेले असते. दाब कमी असल्याने ते कमी तापमानालाच उकळते. वाफ थंड टोकाकडे जाते, तेथे तिचे पाणी होते आणि निरांजनाच्या वातीत तेल चढावे तसे ते नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे ६० वॅट वाहून न्यायला चाळीस सेकंदांत अवघे एक ग्रॅम पाणी उकळले की पुरे. ना पंप, ना आवाज. मला स्वतःला संगणकातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

आता दोष शोधायचा तर उष्णतेच्या वाटेने चालत जावे : चिप, थर्मल पेस्ट, उष्णतानळी, पातळ पत्र्यांची जाळी, पंखा आणि खोलीतील हवा. तापमान दाखवणारी मोफत आज्ञावली घालून खेळ सुरू करा. चित्र अडखळत असूनही तापमान ७० अंशांच्या आसपासच असेल, तर दोष उष्णतेचा नाही, दुसरीकडे शोधा. ते ९५ अंशांवर गेले तर झरोक्यापाशी हात धरा. पंखा जोरात ओरडतो, पण वारा क्षीण येतो? मग जाळीवर धुळीचा आणि कापसाचा नमदा बसला आहे. यंत्र बंद करून, पंख्याची पाती धरून तो काढावा. वारा जोरदार पण कोमटच, आणि तापमान मात्र काही सेकंदांत शंभरीला भिडते? मग उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. चिप आणि तांबे यांमधली पेस्ट वाळली आहे, नाहीतर नळी निकामी झाली आहे. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या पंधरा हजार पट असते. पेस्टमध्ये केसाएवढी हवेची फट पडली तरी सारे मुसळ केरात. वारा जोरदार आणि चांगला गरम असेल, तर वाट मोकळी आहे, बोजाच जास्त आहे.

बोजा कमी करायला पुन्हा तेच सूत्र. वारंवारता १५ टक्क्यांनी उतरवली आणि त्यामुळे विद्युतदाब १० टक्क्यांनी उतरवता आला, तर उष्णता ०.८५ गुणिले ०.८१, म्हणजे ६९ टक्क्यांवर येते. खेळात दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांवर ६० ची मर्यादा घातली तरी चिपांना उसंत मिळते.

लॅपटॉप मंदावला म्हणून बिचकू नये. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या नियतकालिकाने क्वेक-३ हा खेळ चालू असताना प्रोसेसरवरचे शीतक काढून पाहिले. पेन्टियम-४ मध्ये स्वतःला आवरण्याची सोय होती. खेळ मंदावला, पण चिप वाचली. एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून जळाला. आता ही सोय सगळ्याच प्रोसेसरांत असते. तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे मात्र राहू नये, कारण रोजचे तापणे-निवणे चिपखालच्या सूक्ष्म जोडांना शिणवते. २००८ सालच्या जुलैत एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या अशाच नादुरुस्त चिपांच्या भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे जाहीर केले. एनिॲकच्या नलिका जळत त्याचीच ही नवी आवृत्ती.

राहिली खोलीतील हवा. बरेच उत्पादक ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरावा असे छापतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि शाळेला सुट्टी असल्याने खेळही तेव्हाच रंगतात. हवा दहा अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तितकीच वर चढते. अशा दुपारी गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे तळाचे झरोके बुजलेलेच असतात. तो टेबलावर घ्यावा, मागच्या बाजूला दोन खोडरबर सरकवावेत आणि दहा मिनिटांनी तापमान पुन्हा मोजावे. आधीचा आणि नंतरचा आकडा मुलांनाच वहीत लिहू द्यावा.