दर्शकफलक, जुन्या मोटारगाडीचा
चालकासमोरील मापकांची फळी. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी घोडागाडीला लावीत असलेल्या फळीचे ‘डॅशबोर्ड’ हे नाव मोटारगाडीने तसेच उचलले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ने कुर्ला (मुंबई) येथे १९६४ पासून बनविलेली फियाट ११०० डिलाइट, म्हणजेच पुढील काळातील ‘पद्मिनी’, ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित जुनी गाडी होय. त्या काळच्या गाड्यांत इंधनमापकाची तार टाकीतील तरंगकाला जोडलेल्या बदलत्या रोधापर्यंत जाते. परतीची तार नसते, प्रवाह पोलादी सांगाड्यातूनच घटमालेकडे परततो. तारेची ही काटकसर पुढे नडते. भूसंयोजनाचा (मेकॅनिकांच्या बोलीत ‘अर्थ’चा) स्क्रू गंजला की धडधाकट मापकही खोटी नोंद दाखवितो. सर्वच काटे एकदम चुकू लागल्यास दोष वितळतारेत किंवा सामाईक भूसंयोजनात शोधावा. एकच काटा चुकत असल्यास प्रथम त्याची तार व टाकीतील रोध तपासावा. मापक बदलणे हा शेवटचा उपाय असला, तरी व्यवहारात तोच बहुधा पहिला ठरतो आणि मूळ मापक भंगारात जातो. मुंबईत पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यानंतर अशी मापके प्रामुख्याने हौशी मालकांच्या गाड्यांतच उरली आहेत.